शंभरात शून्य

आमचा दादा बावीस वर्षं भट्टीवर पाव भाजतोय, आणि गेली दोन वर्षं कामाला उभा राहिला की त्याची छाती शिट्टी वाजवते. सुट्टीच्या दिवशी मात्र एकदम ठणठणीत. "सर्दी आहे," हे त्याचं पालुपद. शेवटी वहिनीनेच त्याला हाताला धरून आमच्या दवाखान्यात आणलं. मी तिथल्या लॅबमध्ये काम करते, त्यामुळे सुई टोचायचा मान माझाच.

डॉक्टरीणबाई आडपडदा ठेवत नाहीत. "पिठाची अ‍ॅलर्जी निघाली तर भट्टी बंद. पिठाजवळ फिरकायचं नाही," त्या म्हणाल्या. दादाचा चेहराच उतरला. त्याला दुसरं काम येत नाही, आणि नकोही आहे.

तपासण्या तीन. एका नळीत फुंकर मारायची. श्वासातल्या नायट्रिक ऑक्साइडवरून श्वासनलिकेची सूज कळते. रक्तातलं आयजीई, म्हणजे अ‍ॅलर्जीत वाढणारं प्रथिन, बघायचं. तो रिपोर्ट दोन दिवसांनी येतो. आणि रक्ताची काच रंगवून इओसिनोफिल मोजायचे. या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली नारिंगी दाण्यांनी गच्च भरलेल्या दिसतात. अ‍ॅलर्जी असलेल्यांच्या रक्तात बहुधा त्यांची झुंबड उडालेली असते.

दादाने फुंकर मारली, आकडा कमी. काच पाहिली, शंभर पांढऱ्या पेशींत एकही इओसिनोफिल नाही. मी खुशीत शून्य लिहिलं, सही ठोकली आणि रिपोर्ट पाठवून दिला.

"बघ, म्हटलं नव्हतं?" असं म्हणत दादा ऐटीत कामावर गेला.

दुपारी काचा आवरताना माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. धडधाकट माणसाच्या काचेवरही या पेशी एक-दोन सापडतात. शंभरात एखाद्या वेळी नाही सापडत, म्हणून चारशे मोजल्या. एकही नाही. अकरा वर्षांत अशा काचा मी बहुतेक एकाच प्रकारच्या लोकांच्या पाहिल्यात, स्टिरॉइडच्या गोळ्या खाणाऱ्यांच्या. त्या गोळ्यांनी श्वासातला आकडाही उतरतो. परक्याचं रक्त असतं तर पहिल्याच फटक्यात विचारलं असतं, काही औषध चालू आहे का म्हणून. भावाला विचारलं नाही, कारण मला शून्यच हवं होतं. स्वतःची इतकी चीड मला कधी आली नव्हती.

तडक बेकरी गाठली. दादा कोपरापर्यंत पिठात होता.

"कुठल्या गोळ्या खातोस?"

"कसल्या गोळ्या?" म्हणाला, पण कान लाल झाले. दादाला खोटं बोलणं जमतच नाही. हात पुसून त्याने एप्रनच्या खिशातून गोळ्यांची पट्टी काढली. कुणा मित्राने दिली होती. "तुला कसं कळलं?"

"शून्य आलं ना. एक तरी पेशी दिसायला हवी होती."

"मग एखादी टाकायचीस की गं तुझ्या पदरची!"

मला हसू आलं आणि पाठोपाठ रडू. लहानपणी याच ओट्याशी तो माझ्याकडून पाव मोजून घ्यायचा. मी अंदाजाने आकडा फेकला की अख्खा ट्रे पुन्हा मोजायला लावायचा.

"मोजायला कुणी शिकवलं मला?" मी विचारलं. "रिपोर्ट मी मागे घेतलाय. उद्या सकाळी डॉक्टरीणबाईंकडे ये. आणि त्यांना विचारल्याशिवाय गोळ्या एकदम बंद करू नकोस."

"तुला शिकवलं हीच चूक झाली," तो म्हणाला आणि पाठ फिरवून पीठ मळायला लागला. दोन गोळे होईपर्यंत त्याला धाप लागली. मी थांबले नाही. थांबले असते तर विरघळले असते.

दुसऱ्या दिवशी दादा दवाखान्यात सगळ्यांच्या आधी येऊन बसला होता. अंगात इस्त्रीचा शर्ट, नखांत पिठाचा कण नाही. माझ्याकडे त्याने पाहिलंही नाही.

"अशा किती गोळ्या घेतल्यात?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

त्याने पट्ट्या टेबलावर ठेवल्या.

"सतरा," तो म्हणाला. "दोनदा मोजल्यात."