चौदा नंबरच्या शेंगा

‘मांडवी चढली वेल, वेलीला फुटलं पान, भाची आली माझ्या घरी, उजळलं सारं रान.’

लहानपणी न्हाऊ घालताना भागीबाई मामी म्हणायची, तो आवाज दिंडोरीच्या फाट्यावर उतरल्यापासून स्नेहलच्या कानात घुमत होता. मामी आता समोरच ओट्यावर बसून शेंगा निवडत होती. पुण्याच्या प्रयोगशाळेत भाची माकडं सांभाळते, एवढंच तिला ठाऊक. म्हणून दर खेपेला मारुतीच्या लेकरांसाठी एक पिशवी ठरलेली.

“तुझा चौदा नंबर काय म्हनतो? अजून तुझी येणी वढतो का?”

स्नेहलने एक शेंग फोडली. दाणे हातातच राहिले.

“लय सुकलीस. सगळं माकडांनाच घालतीस का काय?”

“मामी, या वेळी पिशवी नको.”

“का? रुसला व्हय?”

शनिवारी मारुतीला तेल घातल्याशिवाय चहाही न घेणारी ही बाई. खरं कळल्यावर या ओट्यावर पुन्हा बसू देईल? स्नेहल अंगठ्याने जमीन उकरत राहिली.

“तो नाही गं आता. झोपेचं इंजेक्शन दिलं, मीच.”

“म्हंजी मारलंस.”

“हो. माणसांच्या एड्सचा असतो, तसा माकडांचाही विषाणू असतो. तो त्याला दिला आणि दहाव्या दिवशी त्याला झोपवून आतडं तपासलं. तेव्हा वरून काही दिसत नाही, फार तर जराशी कणकण. आत मात्र राखण करणाऱ्या पेशी पटापट मरत असतात. विषाणूने धरलेल्या मरतातच, पण शेजारच्या, त्याने न शिवलेल्याही मरतात. त्या का मरतात, ते कळलं तर माणसं वाचतील.” तिने हातातले दाणे मुठीत आवळले. “डोळे मिटेपर्यंत त्याला तुझीच ओवी म्हणत होते.”

मामीचे हात थांबले. पलीकडच्या बागेत फवारणीचा ट्रॅक्टर एक ओळ संपवून वळला, दुसरीत शिरला.

“वरून कळतच नाय?”

“नाही.”

मामीने सूप सारलं आणि स्नेहलचा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला. हातातले दाणे सांडले.

“तुझा मंगळूमामा टीबीनं गेला, असं समद्यांना सांगितलं मी. टीबी नव्हता. द्राक्षांचा ट्रक कलकत्त्याला पोचवून आला, तवा नुसता ताप व्हता त्याला. दोन दिसात उतरला. आन् मी दर महिन्याला नाशिकला कालिकेच्या दर्शनाला जात नाय, पोरी. गोळ्या आणाया जाते. सतरा वर्सं झाली.”