उतार भावजींचे, ब्रेक माझे

माझ्या धाकट्या दिरांना लोक ‘उतारसम्राट’ म्हणतात. हे नाव त्यांनी स्वतःच स्वतःला दिलं आणि इतक्या वेळा घेतलं की बाकीच्यांच्याही तोंडी बसलं. रोलर कोस्टर आखून देणारं आमचं घरचंच ऑफिस आहे. उतार भावजींचे, खांब आणि पाया माझ्या नवऱ्याचा, ब्रेक माझे. फोटोवाले येतात ते उतारासाठी. ब्रेक बघायला कुणी येत नाही, आणि ते बरंच आहे. ज्या दिवशी येतील त्या दिवशी काहीतरी वाईट घडलेलं असेल.

यंदाचं काम एका पार्कच्या मालकीणबाईंचं होतं. भावजींनी त्यांच्यापुढे काटकोनाच्याही पलीकडे जाऊन खाली आत सरकणारा उतार ठेवला. दिसायला झकास होता, हे मी नाकारत नाही. मग ते म्हणाले, उतार जितका उभा तितकी खाली गाडी जोरात. उंची तीच असेल तर पायथ्याशी वेग जवळपास तेवढाच राहतो, उतार कसाही असो. हे शाळेतलं पोरही सांगेल. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो पेनाचं टोपण काढून पुन्हा लावत होता. धाकट्याने ठोकून द्यावं आणि थोरल्याने खाली बघावं, अशी या घराची रीत.

तेवढ्यावर भावजी थांबले असते तर मी गप्प बसले असते. पण मालकीणबाईंना उतारासमोर कॉफी प्यायला गच्ची हवी होती, आणि भावजींनी तिची जागा माझ्या ब्रेकमधून काढून दिली. फेरीच्या शेवटी रुळाचा एक सरळ तुकडा असतो. तिथे गाडी चुंबकांच्या रांगेतून जाते आणि हळू होते. तो त्यांनी निम्मा केला आणि चुंबक दाटीवाटीने बसवायला सांगितले. मी म्हटलं, निम्म्या अंतरात थांबवायचं तर धक्का दुप्पट बसणार, आणि तो चुंबकाला नाही, माणसाच्या मानेला बसणार.

"वहिनी," ते हसून म्हणाले, "तुमचं आयुष्य दुसऱ्याला थांबवण्यातच गेलं."

नवऱ्याने तोडगा काढला की चाचणी तर होऊ दे. भांडण पुढे ढकलण्याला तो तोडगा म्हणतो.

चाचणीत माणसांच्या जागी पाण्याने भरलेले प्लास्टिकचे पुतळे बसवतात. भावजींनी त्याचाही समारंभ केला, पत्रकार बोलावले. गाडी कड्यावर क्षणभर लटकली, कोसळली, टाळ्या पडल्या. मग ती चुंबकांत शिरली. पुढच्या रांगेतले पुतळे मांडीवरच्या दांड्यावर आपटून फुटले आणि पाण्याचा लोट थेट पाहुण्यांच्या अंगावर आला.

भावजींनी रुमालाने तोंड पुसलं आणि पुतळे हलक्या प्रतीचे असल्याचं सांगितलं.

"मग पुढच्या फेरीला तुम्हीच बसा, भावजी," मी म्हटलं. "तुमची प्रत चांगली आहे."

त्यांना एकाएकी पाठदुखी आठवली. मालकीणबाई चष्मा पुसत होत्या. तो डोळ्यांवर चढवून त्यांनी विचारलं की याआधी आखलेल्यांपैकी कुठल्या कोस्टरमध्ये ते बसले होते. भावजी अनुभव, दृष्टी असलं काहीतरी बोलू लागले.

"एकातही नाही," माझा नवरा म्हणाला. "त्याला साध्या पाळण्यातही चक्कर येते."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण भावाबद्दल त्याच्या तोंडून एक खरं वाक्य मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. भावजींचा चेहरा असा झाला की त्यांच्या जागी दुसरं कुणी असतं तर मला दया आली असती.

गच्ची पलीकडच्या अंगाला गेली, ब्रेकला पूर्ण लांबी मिळाली. उद्घाटनाला भावजींनी भाषण ठोकलं: थराराइतकाच विसावाही माणसाला हवा, हा विचार त्यांना म्हणे सुरुवातीपासून छळत होता. लोकांनी माना डोलावल्या. पत्रकारांनी लिहून घेतलं. ओल्या कपड्यांची त्यांना आठवणही राहिली नव्हती.

मी आणि नवरा पहिल्याच फेरीत बसलो. कड्यावर त्याने माझं मनगट घट्ट धरलं, खाली येईपर्यंत सोडलं नाही. चुंबकांतून जाताना गाडीचा जोर ओसरत गेला आणि शेवटचे ब्रेक कधी लागले ते समोरच्या बाईला कळलंही नाही. ती केस नीट करत होती.

"अलगद थांबली," नवरा म्हणाला.

मी त्याला दांडा वर करायला सांगितलं आणि उतरले.