एकाच चुकीच्या दोन दुरुस्त्या

"मानवजातीचे दोनच भाग पडतात. एक, माउसला हात न लावता काम करणारे. आणि दुसरे, ज्यांनी अजून मानवजातीत यायचंय ते!"

टकटक्याने हे जाहीर केलं आणि त्या आवेशात चहा कीबोर्डवर सांडला. फडकं घेऊन धावला तो उंदीरमामा, म्हणजे दुसऱ्या भागाचा सरदार.

पाण्याची बिलं काढणारा प्रोग्रॅम सांभाळणं हे दोघांचं काम. टकटक्याचा एडिटर, म्हणजे प्रोग्रॅम लिहायचं सॉफ्टवेअर, काळाकुट्ट; सगळा कारभार बोटांवर. मामाच्या एडिटरमध्ये रंगीत बटणांची खोगीरभरती.

"अंधारकोठडीत काय दिसतं रे तुला?" मामा विचारायचा.

"खेळण्यांच्या दुकानात तुला काय मिळतं, ते सांग आधी!"

तक्रार आली की दोघंही तीच चूक आपापल्या एडिटरमध्ये दुरुस्त करायला बसत. ज्याचं आधी संपेल त्याने "झालं!" म्हणून ओरडायचं, हरेल त्याने आपलं काम पुसून टाकायचं. वर्षानुवर्षं हाच रिवाज.

मग नवे साहेब आले आणि त्यांनी फर्मान काढलं: यापुढे ऑफिसात एडिटर एकच. टकटक्याच्या तोंडचं पाणी पळालं. बोटांत मुरलेली विद्या अशी मातीत जाऊ द्यायची?

"साहेब, आमची शर्यतच बघा ना," तो म्हणाला. मामाने टेबलाखालून त्याला लाथ घातली. घाबरला लेकाचा, टकटक्या मनात म्हणाला.

साहेब खुर्ची ओढून बसले. तक्रार होती, एका बंद घराला तलावभर पाण्याचं बिल गेल्याची. टकटक्याची बोटं पिसाळल्यासारखी धावली. "झालं!" मामा अजून मेनूच उघडत होता. त्याने आपलं काम पुसलं.

"हे असं रोज?" साहेबांनी गोड आवाजात विचारलं.

"रोज!" टकटक्याने छाती फुगवली. "प्रत्येक तक्रार आम्ही दोघंही सोडवतो."

साहेब हसले. टकटक्याही हसला. मामा माउसची वायर गुंडाळू लागला.

आठवड्याच्या शेवटी मामाला नारळ मिळाला. टकटक्याला मिळालं अभिनंदन, आणि सोबत सूचना: दोन्ही एडिटर बंद. मुख्य ऑफिस तिसराच कुठला तरी वापरतं, तो शिकून घ्यावा.

मामाने सामान खोक्यात भरलं. टकटक्या त्याच्यासोबत जिन्याकडच्या, कार्ड लावून उघडणाऱ्या दारापर्यंत गेला.

"मामा, शप्पथ, मला वाटलं एडिटरचंच चाललंय."

"मलाही वाटलं असतं. पण माझा एडिटर उघडायला वेळ लावतो ना, तेवढ्यात साहेबांचं तोंड बघून झालं."

"वहिनींना काय सांगशील?"

"हरलो म्हणेन. तिला सवय आहे."

 मैत्री, अन्याय, वेळ पडली तर राजीनामा, असं मोठं भाषण टकटक्याच्या ओठांवर आलं. त्याने श्वास घेतला, हात उंचावला.

"तो हात वर केलाच आहेस तर दार उघड जरा," मामा म्हणाला. "माझं कार्ड बंद केलंय त्यांनी."