वनमालाकाकीचा श्रावण

"काटो सरळ धर मेल्या, पायान दाबू नको!" तराजूच्या फळीवर मांडी घालून बसलेली वनमालाकाकी ओरडली.

वखारीचा शेठ हसला. "भाभी, चार म्हैना पैला तू इथं बसली, तवा तोंडातून शबद नाय निघाला. आता भांडते. वजन कमी झाला ते समदा जिभेत गेला काय?"

"नलू, तू बघ गो. ह्या मेल्यार माझो विश्वास नाय."

मी पुढे होऊन वजनं मोजली. एक मण सव्वीस शेर. होळीच्या आधी याच फळीवर ती एक मण अडतीस शेर भरली होती. बारा शेर कमी, म्हणजे जवळजवळ पंचवीस पौंड. मी आकडा कागदावर टिपला. डॉक्टरांना दर महिन्याला वजन हवं असे आणि घाटकोपरच्या आमच्या चाळीजवळ माणूस बसू शकेल एवढा काटा फक्त लाकडं-कोळशाच्या या वखारीत होता.

काकी फळीवरून उतरली, लुगड्याला लागलेली कोळशाची भुकटी झटकली आणि माझ्यापुढे चालू लागली. मी तिच्या पाठीकडे बघत राहिले. सात वर्षांत या बाईला कुणी कुणाच्या पुढे चालताना पाहिलं नव्हतं.

काकीचा आजार नेमका कधी सुरू झाला, ते तिच्या घरात, परबांकडे, कुणालाच सांगता येत नव्हतं. तिची मुलगी सुलक्षणा तेव्हा बारा वर्षांची होती, एवढंच नक्की. काकी हळूहळू मंदावत गेली. मे महिन्यात गोधडी घेऊन बसू लागली. चेहरा फुगला, भुवयांची बाहेरची टोकं गळली, आवाज जाड आणि घोगरा झाला. प्रश्न विचारला की उत्तर यायला इतका वेळ लागे, की विचारणारा निघून जाई. वजन वाढत गेलं, आणि चाळीने तिला नाव दिलं, 'कुंभकर्णीण'. तिचे यजमान धाकूकाका विक्रोळीच्या एका कारखान्यात फिटर होते. ते कुणावर चिडणारे नव्हते. "आमचा इंजिन थंड पडला," एवढंच म्हणायचे. चूल, पाणी, बापाचा डबा, सगळं सुलक्षणाने अंगावर घेतलं आणि आठवीतून शाळा सोडली.

नाक्यावर नव्याने आलेल्या डॉक्टरांकडे काकीला मीच नेलं होतं. त्यांनी तिला खुर्चीवर गुडघे टेकून उभं केलं आणि घोट्यामागच्या शिरेवर रबरी हातोडी मारली. पाऊल हललं. पण परत जागेवर यायला ते रेंगाळलं, जणू परत यायचं की नाही हे ठरवत होतं. डॉक्टरांनी मला पुन्हा मारून दाखवलं. "आळस नाही हा," ते म्हणाले. "गळ्यातली थायरॉइड ग्रंथी काम करत नाहीये. ती जो रस रक्तात सोडते तो आपण बाहेरून देऊ."

आधी अर्धा ग्रेन, मग एक, मग रोज एकेक ग्रेनच्या तीन गोळ्या. मी बी. एस्सी. झालेली, अंधेरीच्या कॉलेजात जीवशास्त्राची प्रात्यक्षिकं घेणारी बाई. हार्मोन म्हणजे काय ते मी मुलांना दरवर्षी शिकवत होते. पण पुस्तकातलं वाक्य आपल्या शेजारच्या खोलीत उठून उभं राहतं, तेव्हा वेगळंच वाटतं. तिसऱ्या आठवड्यात काकीच्या हाताला ऊब आली. पाचव्या आठवड्यात तिने स्वतःहून विचारलं, "आज वार कुठलो?" आणि सातव्या आठवड्यात ती नळावर अशी काही भांडली, की अर्धी चाळ कठड्याला येऊन ऐकत उभी राहिली. धाकूकाका खाली मान घालून बसले होते. डोळे पुसत होते की हसत होते, कळलं नाही.

माणसाचा राग, ऊब, वार लक्षात ठेवणं, हे सगळं मुगाच्या दाण्याएवढ्या करड्या गोळीत होतं. मला त्या बाटलीला हात लावतानासुद्धा जपून लावावासा वाटे.

चाळीने मात्र एवढंच पाहिलं, की परबीण बारीक झाली. गोळीचं नाव पडलं, 'बारीक व्हायची गोळी'.

त्या दिवशी वखारीतून परत येताना काकीने विचारलं, "ही गोळी कसली गो बनवतत?"

मी उत्साहाने सांगितलं. बकऱ्या-मेंढ्यांच्या गळ्यातल्या ग्रंथी वाळवतात, दळतात, चरबी काढून टाकतात आणि ती पूड गोळीत भरतात. माणसाची आणि मेंढीची ग्रंथी एकच रस तयार करते, किती विलक्षण आहे बघा.

काकी रस्त्यात थांबली. "म्हंजे मी सोमवारी मटान खातंय?"

"औषध आहे ते, काकी."

"वशट ता वशट, मटान काय नि औषद काय," ती म्हणाली आणि चालू लागली. मी हसले. त्या हसण्याचं मला पुढे फार वाईट वाटलं.

श्रावण लागला. चाळीतल्या कोकणातल्या घरांमधली मासळी बंद झाली. मीही प्रात्यक्षिकांच्या तयारीला लागले. कॉलेजला जाताना मरोळच्या भातखाचरांजवळ बसमधून उतरायचं आणि डबक्यातले बेडकाचे बेडूकमासे बरणीत घेऊन पुढची बस धरायची, हे माझं दर पावसाळ्यातलं काम. परबांकडे जाणं थोडं कमी झालं. जाता-येता दिसे ती सुलक्षणा. ती बारीक होत होती. एकोणीस वर्षांची, आईच्याच थोराड बांध्याची मुलगी, गालांची हाडं दिसू लागली होती. बायका तिला जिन्यात थांबवून विचारत. गणपतीनंतर तिला बघायला मुलुंडचे लोक येणार होते. मुलगा पोस्टात होता.

एके दिवशी तीच माझ्या दाराशी आली. "ताई, चरबी विरघळते म्हणजे नक्की काय होतं गं? जाते कुठे ती?"

प्रश्न चांगला होता. मला तो माझ्या विद्यार्थ्यांनी कधी विचारला नव्हता. "उद्या माझ्याबरोबर कॉलेजात चल," मी म्हटलं. "दाखवते."

प्रयोगशाळेतल्या खिडकीत दोन काचपात्रं होती. दोन्हींत एकाच डबक्यातले, एकाच दिवशी आणलेले बेडूकमासे. मी सुलक्षणाला डावीकडचं पात्र दाखवलं. काळे, गोल, जाड शेपटीचे, हरभऱ्याएवढ्या अंगाचे मासे पाल्याला तोंड लावून सावकाश चरत होते. "यांना बेडूक व्हायला अजून महिना-दीड महिना आहे."

"आणि हे?"

"यांच्या पाण्यात मी थायरॉइडच्या गोळीची चिमूटभर पूड टाकली. आज दहावा दिवस."

ती वाकली. उजव्या पात्रात मधोमध एक दगड होता. त्यावर चार बेडूक बसले होते. चार पाय, मोठे डोळे, शेपटी जवळजवळ गेलेली. पूर्ण बेडूक, पण प्रत्येक जण माशीएवढा. मी हे दृश्य सहा पावसाळे पाहिलं होतं आणि दर वेळी हातातलं काम सोडून बघत राहत असे. त्या पुडीने त्यांना नवीन काही दिलं नव्हतं. पाय कुठे फुटायचे, शेपटी कशी जिरायची, हे सगळं त्यांच्यातच होतं. पुडीने फक्त सांगितलं, आत्ता. लगेच. आणि शरीराने ऐकलं. खायला थांबलं नाही, वाढायला थांबलं नाही. स्वतःचंच मांस जाळत पुढे निघालं.

"ती चरबी विरघळवत नाही," मी म्हटलं. "घाई करते. जे अंग मंद झालंय त्याला ती वेळेवर आणते. जे वेळेवर चाललंय..."

"हे पुढे मोठे होतात?"

"नाही गं. बहुतेक मरतात. हे बघ, तळाशी."

ती तळाकडे बघत राहिली. मग सरळ झाली आणि खिडकीच्या चौकटीला धरून उभी राहिली. शिपायाने आणलेला चहाचा कप मी तिच्या हातात दिला, तेव्हा कप बशीवर वाजायला लागला. थांबेना. तिने दोन्ही हातांनी धरला, तरी वाजतच राहिला.

"सुलू, तू काय घेतेयस?"

ती कपाकडेच बघत म्हणाली, "आई देते. तीन. मागच्या आठवड्यापासून पाच. आईला आता लागत नाहीत ना. डॉक्टर म्हणाले बंद करा, ती बरी झाली."

डॉक्टर असं कधीच म्हणाले नव्हते. ती गोळी जन्मभर घ्यायची होती.

आम्ही तशाच घरी आलो. परबांच्या खोलीत पावसाळी अंधार होता. काकी भिंतीला टेकून गोधडीत बसली होती. सुलक्षणा आत आली, घाम पुसला, खुंटीवरचा विणलेला पंखा काढून वारा घेऊ लागली. मी दारातच थांबले. एका खोलीत, एका भिंतीला, एक बाई थंडीने आवळून बसली होती आणि एक मुलगी उकाड्याने वारा घेत होती. मी महिनाभर या दारावरून गेले होते.

मी दोघींच्या मध्ये बसले. एका हाताने आईचं मनगट धरलं, दुसऱ्या हाताने लेकीचं. घड्याळ माझ्या मांडीवर होतं. एका मिनिटात आईच्या नाडीचे ठोके पन्नास. पुढच्या मिनिटात मुलीचे एकशे अठ्ठावीस. आकडे पटेनात म्हणून मी पुन्हा मोजले. माझ्या दोन्ही हातांत एकच रस होता, एकीतून निघून दुसरीत गेलेला.

"काकी, गोळ्या घेता ना?"

बराच वेळ गेला. मग ती जड होत चाललेली जीभ हलली. "श्रावण... हा... ना."

मी कोनाड्यातली बाटली उचलून बघितली. "मग ही रिकामी का आहे?"

सुलक्षणाने पंखा खाली ठेवला. "आई, तू म्हणालीस तुला लागत नाहीत. खोटं बोललीस?"

"तुका... बघूक येतले."

"येऊ देत नाहीतर जाऊ देत! मला काय माहीत तू... वेडी आहेस का गं? वेडी आहेस तू!" ती आईचे खांदे धरून हलवत होती आणि काकी हलवेल तशी हलत होती.

"मी तुका... काय दिलंय?" काकी म्हणाली. एकेक शब्द ती लांबून आणत होती. "सात वर्सां... नुसता निजान. तू मोठी झालंस... माका ठावक नाय. ह्या एक... देवचा होता."

सुलक्षणा तिच्या मांडीवर कोसळली. काकीचा हात तिच्या केसांपर्यंत पोचायला वेळ लागला.

त्या संध्याकाळी डॉक्टर दोघींवर रागावले, माझ्यावर जरा जास्त. ते बरोबरच होतं. मी गोळी कशाची ते सांगितलं होतं, कशासाठी ते पुरतं सांगितलं नव्हतं. मुलीला गोळ्या ताबडतोब बंद. हृदयाची धडधड उतरायला दोन-तीन आठवडे लागतील, तोवर जिने चढायचे नाहीत. आईला पुन्हा पहिल्यापासून, अर्ध्या ग्रेनपासून. एकदम तीन दिल्या तर तिच्या थंडावलेल्या हृदयाला झेपणार नाही. धाकूकाकांनी सगळं ऐकलं. घरी आल्यावर त्यांनी देव्हाऱ्यातला शंकराचा तांब्या उचलला, त्यातल्या तीर्थाबरोबर ती अर्धी गोळी बायकोच्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "घे. देवाक मी सांगतंय."

मुलुंडचे लोक येऊन गेले. सुलक्षणाचे गाल तोवर पुन्हा भरू लागले होते. आठवड्याने कार्ड आलं, पत्रिका जुळत नाही. पत्रिका त्यांनी मागितलीच नव्हती. धाकूकाकांनी कार्ड वाचलं आणि चुलीत घातलं.

मी रोज सकाळी जात होते. पहिला पंधरवडा काहीच नाही. मग एके दिवशी हात कोमट. मग गोधडी घडी होऊन पेटीवर गेली. दुसऱ्यांदा पाहताना आश्चर्य कमी होईल असं मला वाटलं होतं. उलट ते वाढलं. पहिल्या वेळी मी आजारातून उठणारी बाई पाहिली होती. या वेळी मला कळत होतं, की ती कुठून परत येतेय आणि जाताना स्वतःच्या पायांनी गेली होती.

दिवाळी झाल्यावर एका दुपारी मी त्यांच्या दारावरून जात होते. ऊन उंबऱ्यापर्यंत आलं होतं. काकी पाटावर बसली होती, सुलक्षणा तिच्या पुढ्यात जमिनीवर. काकी तिच्या डोक्याला खोबरेल लावत होती. मुलगी एवढी उंच होती, की आईला हात वर करावे लागत होते.

"शाळा सोडलंस तेव्हा रडलंस?"

"थोडी."

"खय बसान?"

"मोरीत."

काकीची बोटं थांबली. मग तिने पुन्हा वाटीत बोटं बुडवली आणि केसांचा पुढचा भाग हातात घेतला.

"तसा नको," ती म्हणाली. "सातवीपासून सांग. सगळा. माका घाई नाय."