झाडू

एंटरच्या कळीचा उजवा कोपरा झिजला होता — कुंदन ती नेहमी तिरकीच दाबायचा, घाईत, दार लोटावं तशी — आणि रागिणीचं बोट आता नेमकं त्या झिजलेल्या जागेवर येऊन थांबलं होतं.

स्क्रीनवर प्रश्न होता : ‘कुंदनले पुसून टाकू काय? हो / नाही.’

यात भुताटकी काही नाही, तिनं स्वतःला बजावलं. मूर्तिजापूरच्या अलीकडे त्याची गाडी उलटली, त्याच्या कितीतरी आधी त्यानंच हा छोटा प्रोग्राम लिहिला होता. नाव ठेवलं झाडू. ॲपची नवी आवृत्ती सोडण्याआधी प्रत्येकानं आपल्या फोल्डरातला कचरा झाडायचा, ही या ऑफिसची रीत. फोल्डरचं नाव घेऊन झाडू वऱ्हाडीत विचारतो, आपण ‘हो’ म्हणायचं. आज लॉगिन तिचं आहे आणि फोल्डरचं नाव कुंदन... एवढंच.

“झालं काय वं, रागिणी?” आतून चंद्रभानभाऊंनी, मालकांनी, विचारलं. “सोमवारी नवा माणूस येऊन राहिला. कॉम्प्युटर खाली कर.”

“करून राहिली, भाऊ.”

अकोल्याला त्याच्या तेराव्याला मी गेले तेव्हा त्याच्या आईनं विचारलं होतं, तू कोण गं त्याची? — ऑफिसातली, मी म्हणाले. दुसरं काय सांगणार? त्यानं कधी तोंड उघडलं नाही, मी कधी विचारलं नाही. रोज संध्याकाळी चहा मात्र दोघांनी मिळून घेतला... जीव जळतो नुसता.

तिनं ‘नाही’ टाइप केलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. झाडूला ‘नाही’ म्हणतं कोण?

ओळ उमटली : ‘मले माहीत होतं, रागिणी. चाल, चहा पिऊ.’

अंगावर सरसरून काटा आला. शेजारची खुर्ची किंचित वळली — पंख्यानं, पंख्यानंच. हे उत्तर इतके दिवस इथंच बसून होतं? की ‘नाही’ म्हणेल त्याला झाडू त्याच्या-त्याच्या नावानं असंच म्हणतो — भाऊंना, सोमवारच्या माणसाला, कुणालाही? झाडूची फाईल उघडून त्यानं आत काय लिहिलंय ते वाचलं की लगेच कळेल. मला एकटीला, की सगळ्यांना.

फाईल तिला उघडवेना.

तिनं झाडू पुन्हा चालवला. कुंदनले पुसून टाकू काय? नाही. मले माहीत होतं, रागिणी... अगदी आत्ता बोलल्यासारखं. भाऊ आतून पुन्हा हाका मारत होते. कुंदनची भीती केव्हाच गेली होती. भीती वाटत होती ती त्या न उघडलेल्या फाईलची.

“चाल,” ती म्हणाली, चांगलं मोठ्यानं.