माळवदावरची वाट

बलभीम गवंड्यानं ओळंबा सोडून पुढचा दगड उचलला, तेवढ्यात शिवम्मा मुगाच्या कढणाची वाटी घेऊन माळवदावर आली आणि जागीच थांबली. काल गुडघ्याइतकी असलेली भिंत आज छातीला लागली होती. भिंतीपलीकडं हणमंतप्पांचं माळवद होतं, त्यापुढं शरणबसप्पांचं आणि त्याच्याही पुढं गंगम्माचं.

"दाराची जागा कुठं सोडलीस?" तिनं विचारलं.

बलभीमनं दगड खाली ठेवला. "अव्वा, मालकांनी दार न्हाय सांगितलं. सलग भिंत घ्या म्हणले."

मालक म्हणजे शिवम्माचा मुलगा, गुरुलिंग. नऊ महिने पोटात वाढवलेल्या पोराला गवंडी तिच्यासमोर मालक म्हणाला, तेव्हाच तिचं डोकं फिरलं. पण गवंड्यावर राग काढून काय उपयोग होता? तिनं त्याला वाटी धरायला दिली, लुगडं सावरलं आणि वयाला न शोभेल अशी ती त्या भिंतीवर चढून पलीकडं उतरली, आणि तिथून तिनं वाटी परत मागून घेतली. गंगम्मा वाट बघत असणार होती.

मुरूम गावच्या पेठेत तेव्हा दोन रस्ते होते. खालचा पुरुषांचा. तिथं अडतीची दुकानं, बैलगाड्या, तराजू आणि दिवसभराची ओरड. तिथं घरंदाज बाई पाय टाकत नसे. फारच अडलं तर पडदा लावलेल्या गाडीत बसून जायची. दुसरा रस्ता वरचा. सगळी घरं धाब्याची, एका उंचीची, भिंतीला भिंत लागलेली, त्यामुळं मातीची सपाट माळवदं या टोकापासून त्या टोकापर्यंत एकात एक मिळालेली. जेवणं उरकली की ती बायकांची. तिथं शेवया वाळायच्या, केस वाळायचे, सासवांची उणीदुणी निघायची, बाळंतिणीकडं डिंकाचे लाडू जायचे. त्या वेळी पुरुषाला वर यायचं असेल तर त्यानं जिन्याखालून खाकरायचं आणि होकार येईपर्यंत थांबायचं, अशी पेठेची रीत होती. त्यामुळं मिसरूड फुटल्यावर पेठेतले पुरुष दुपारचे सहसा माळवदावर जातच नसत.

शिवम्मा आणि गंगम्मा एकाच उन्हाळ्यात लग्न होऊन या पेठेत आल्या. दोघींची माहेरं कानडी मुलखातली, दोघींना मराठी धड येत नव्हतं, आणि दोघींच्या सासवा एकीला झाकावं न् दुसरीला काढावं अशा. माळवद नसतं तर आपण दोघी विहिरीतच सापडलो असतो, असं शिवम्मा हसत सांगायची, पण ते खोटं नव्हतं. पुढं ती विधवा झाली तेव्हा गंगम्मा रोज दुपारी येऊन नुसती शेजारी बसायची. आता गंगम्माचं उजवं अंग गेलं होतं, वाचाही गेली होती. सुना वाईट नव्हत्या, पण त्यांना घाई असायची. गंगम्मा त्यांच्या हातून दोन घास घेई आणि तोंड मिटून घेई. शिवम्मा भरवायला बसली की वाटी रिकामी व्हायची. दोन घासांमध्ये किती थांबायचं, हे तिला कोणी सांगावं लागत नव्हतं.

गुरुलिंगला तीन मजली माडी बांधायची होती. महायुद्ध चालू असल्यानं लोखंड मिळत नव्हतं, तरी त्यानं सोलापुराहून लोखंडी तुळया आणल्या, करोडगिरीच्या जकात नाक्यावर चार माणसांचे हात ओले केले आणि तहसीलदारांचा होकारही मिळवला. त्यावर गावच्या मठात दोन संध्याकाळी बैठक झाली. लातूरच्या गंज-बाजारात मजल्यांवर मजले चढताहेत, आपण मात्र उंदरासारखे बिळात बसलोय, बाहेरचा व्यापारी या खुराड्यात कशाला येईल, असं गुरुलिंगचं म्हणणं. म्हातारे शरणबसप्पा म्हणाले की एका ओळीतली घरं हीच आपल्या पेठेची शोभा आहे, आणि मठाच्या कळसापेक्षा उंच कोणी जाऊ नये. कोणी उन्हाचं बोललं, कोणी वाऱ्याचं, कोणी सोलापूरच्या ऐटीचं. एवढी डोकी जमली होती, पण वरच्या वाटेचं अक्षर कोणी काढलं नाही. त्यांनी ते मुद्दाम लपवलं असतं तर बरं झालं असतं, लबाडीशी भांडता येतं. त्यांच्या ते ध्यानातच आलं नाही. दुपारी वर बायका असतात एवढं त्यांना ठाऊक होतं, पण आपल्या डोक्यावरून बायकांचं अख्खं गाव चालतं, हे त्या शहाण्यांच्या कधी मनातच आलं नव्हतं. शेवटी कळसाहून हातभर कमी, एवढ्यावर तडजोड झाली आणि पानसुपारी वाटली गेली.

भिंत छातीला लागली त्याच संध्याकाळी गुरुलिंग जेवायला बसला तेव्हा शिवम्मानं विषय काढला. दाराचं तिनं आधीही सांगितलं होतं, आणि तो बघू म्हणाला होता.

"एक दार सोड. माझ्या उंचीचं असलं तरी बास."

"अव्वा, तीन मजल्याच्या माडीला मधीच भगदाड चांगलं दिसतंय व्हय? अन् उद्या त्याच दारातनं चोर आला म्हंजी?"

"चोर इतकी वर्षं कुठं गेला हुता?"

"तुला माडीवर खिडकी काढलीय. बसल्या जागी समदी पेठ दिसंल."

"मला पेठ बघायची न्हाय. गंगम्माकडं जायचंय."

"मग गाडी जुंपून देतो की," तो म्हणाला, आणि लगेच त्यालाच हसू आलं. तीन घरांसाठी बैल जुंपायचे म्हणजे लोक काय म्हणतील, एवढं तरी त्याला कळत होतं. शिवम्मानं त्याच्या ताटात वाढायला घेतलेली भाकरी परत टोपल्यात टाकली आणि ती उठून गेली.

भिंत वर गेली. गाडी दोनदा जुंपली गेली, एकदा नागपंचमीला आणि एकदा दसऱ्याला. एरवी कामवाल्या कडूबाईबरोबर कढण जायचं आणि बहुतेक तसंच परत यायचं. गंगम्मा जिन्याच्या दाराकडं बघत पडून असते, तोंड उघडत नाही, असं कडूबाई सांगायची. शिवम्मा वाटी घेऊन दोन-तीनदा घरापुढच्या दुकानाच्या दारापर्यंत गेली. पण उंबरठ्याशी पाय अडायचा. स्वतःच्या सुनेला ओट्यावर उभी राहिली म्हणून तिनंच कधी काळी फैलावर घेतलं होतं. ती रीत तिच्याही हाडात मुरलेली होती, आणि आता तिला त्या रीतीचा, मुलाचा आणि स्वतःच्या पायांचाही सारखाच संताप येत होता.

माडी पुरी झाली. घरभरणीला गुरुलिंगनं रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत मांडव घातला. तहसीलदार आले, लातूरचे अडते आले, पंगती बसल्या. पहिली पंगत अर्ध्यावर असताना कडूबाई चुलीपाशी आली आणि शिवम्माच्या कानाशी लागून रडायला लागली. गंगम्मा गेली होती.

शिवम्मा तिथंच भिंतीला टेकली. तिला रडू आलं नाही. कडूबाई पुढं जे बोलली त्यानं तर आलेलं रडूही आटलं असतं. रस्त्यात मांडव आहे, पाहुणे ताटावर आहेत, म्हणून गंगम्माला मागच्या गटाराच्या बोळातून न्या, असा गुरुलिंगनं निरोप पाठवला होता. गंगम्माची मुलं मवाळ. ती हो म्हणाली होती.

शिवम्मा उठली. स्वयंपाकघरातून माजघरात, माजघरातून दुकानात आणि दुकानातून उंबरठा ओलांडून ती भर मांडवात आली. वाढपी थबकले. तहसीलदारांना पंख्यानं वारा घालणाऱ्या माणसाचा हात थांबला. गुरुलिंग लगबगीनं आडवा आला आणि दबल्या आवाजात म्हणाला, "अव्वा, आत जा. समदे बघायलेत."

"बघू दे," ती म्हणाली. आवाज चढवायची तिला गरजच पडली नाही. "तिची वरची वाट तू बुजवलीस. खालची मोकळी कर."

"पंगत तरी उठू दे."

"ती उपाशी मेली, गुरुलिंगा."

एवढं बोलून ती मांडवाच्या खांबाकडं गेली आणि दोरी सोडायला लागली. गाठ ताणून बसली होती, म्हाताऱ्या बोटांना दाद देईना. कोणी पुढं आलं नाही. मग पंगतीतून शरणबसप्पा उठले. भरलं ताट तसंच सोडून, उष्टा हात धोतराला पुसून त्यांनी खांब धरला. त्यांच्या मागोमाग हणमंतप्पा उठले. बघता बघता सगळी पंगत उठली, आणि मांडवाचं कापड खाली आलं.

त्यांच्या लिंगायत रीतीप्रमाणं गंगम्माला विमानात, म्हणजे सजवलेल्या पालखीत, बसवलं होतं, कपाळभर विभूती लावून. भजन म्हणत माणसं पेठेतून निघाली. बायका दारापर्यंतच येत, त्या दारात थांबल्या. शिवम्मा मात्र विमानामागं निघाली. या रस्त्याला तिनं आजवर वरूनच पाहिलं होतं, आणि वरून तो केवढा रुंद वाटायचा. दुकानातले लोक उठून उभे राहत होते. ती कुणाकडं न बघता, अनवाणी, मधोमध चालत होती.