कोरं मडकं

बहात्तर सालच्या दुष्काळात बीडला आलेल्या माणसांनी सगळ्यात आधी तांब्या-पितळेची भांडी विकली. बिंदुसरा नदीच्या कोरड्या काठाला त्यांनी पालं ठोकली, तेव्हा पाणी साठवायला कुणाकडे घागरसुद्धा नव्हती. टँकर आला की बायका डालड्याचे डबे घेऊन पळायच्या. ते पाहून भगवानराव नावाच्या एका पुढाऱ्यानं कुंभारकामाची सहकारी संस्था काढली. वस्तीतल्या बायकांनी आपली मडकी आपणच घडवावीत, असं त्यांच्या मनात होतं. त्यांना शिकवायला कुंभारवाड्यातून एकटा रामहरी तयार झाला. बाकीच्यांनी त्याच्याशी बोलणं टाकलं.

कुंभाराच्या घरची बाई माती तुडवते, चाळते, मडकं थापटते, भट्टी रचते. चाकाला मात्र हात लावत नाही. चाक देवाचं. रामहरीची बायको छबुबाई लग्न होऊन आली तेव्हापासून चाकाच्या अलीकडेच बसत आली होती. आता तिच्या डोळ्यांदेखत खडी फोडणाऱ्या, मोळ्या विकणाऱ्या बायका त्याच चाकावर बसू लागल्या. त्यांच्यासाठी माती तुडवून द्यायची ती छबुबाईनंच.

एकदा तिला राहवलं नाही. "त्या सत्यभामेला बसवता, मग मला कावून न्हाई?"

"ती भायेरची. तिचं पाप तिच्या माथी. तू घरची हायेस."

"मंजी घरचं असन्याची सजा व्हय ही?"

"तोंड लई चालाया लागलंय तुझं."

"हात चालू देत न्हाई, मंग तोंडच चालनार."

रामहरी हसला, पण बाजूला सरकला नाही.

सत्यभामा लिंबागणेशकडची. नवरा आसाराम दुष्काळी कामावर खडी फोडायचा. सगळ्या बायकांत तिचाच हात बसला. बाकीच्यांच्या हातून चाकावर अजून पणतीच निघत होती, तिच्या हातून मडकं उभं राहू लागलं. "अंगठा आत ठेव, बाई, आत," असं रामहरी तिला सांगायचा. ते शब्द छबुबाईला पाठ झाले. रात्री अंथरुणात ती गुपचूप अंगठा आत वळवून बघायची.

उन्हाळा वाढला. टँकरचं पाणी चिखलात घालायचं नाही, असा हुकूम आला आणि वर्ग बंद पडला. शेवटच्या भट्टीतली मडकी वस्तीत वाटून टाकली, ती लगेच पाण्याला लागली. कुंभारवाडा म्हणू लागला, बायका चाकावर बसल्या म्हणूनच पाऊस रुसला. भाऊबंदांनी लग्नाकार्याला बोलवणं सोडलं. ते रामहरीला सोसेना. एका सकाळी तो तलवाड्याला जातीच्या पंचांच्या पाया पडायला गेला.

त्याच दिवशी आसाराम मेला. नदीच्या वाळूत खणलेल्या झिऱ्याचं पाणी प्यायला होता. पहाटे उलट्या सुरू झाल्या आणि उन्हं तापायच्या आत सगळं आटोपलं.

त्याचा भाऊ बंकट छबुबाईच्या दारात येऊन उभा राहिला.

"मावशी, मडकं पायजे. फेऱ्यांच्या पान्याला डबा चालवून घेऊ. पर विस्तव न्यायला तरी मडकं लागंल."

"कुंभारवाड्यात जायचं की रे."

"गेलतो. म्हनले, तुमच्या बाया शिकल्यात न्हवं? मंग करा की म्हनावं तुमचं तुमी."

छबुबाई उंबऱ्यावरच बसली. मयताचं मडकं मागायला आलेल्या माणसाला कुंभाराच्या दारातून रिकामं पाठवलेलं तिनं जन्मात ऐकलं नव्हतं. जन्माचं वैर असलं तरी ते एक मडकं मिळायचंच. तिनं घरभर नजर फिरवली. कोनाड्यात एक वापरातलं गाडगं होतं, त्यात तेलाचा वास. मयताला कोरंच लागतं.

ती उठली आणि चाक ठेवलेल्या छपरात गेली. ओल्या पोत्याखाली मातीचा एक मोठा गोळा उरला होता. चाकाच्या पाया पडायला ती वाकली, पण मधेच थांबली आणि तशीच बसली. काठीनं चाकाला फेर दिला.

मातीची नस न् नस तिला ठाऊक होती. पण फिरती माती तिनं कधी धरली नव्हती. गोळा न रुळलेल्या वासरासारखा हातातून ओढ घेऊ लागला. पहिलं मडकं पोटातून बसलं. दुसरं चाकावरून उडून कुडाला आदळलं. बंकट पाठ करून उभा होता.

"जमतंय का, मावशी? मानूस उन्हात पडलाय."

"गप बैस."

तिसरं उभं राहिलं. बुटकं, जाड, तोंड एका बाजूला कललेलं. छबुबाईनं ते दोऱ्यानं कापून चुलीपुढं धरलं, गोवऱ्यांच्या धगीत फिरवून फिरवून वाळवलं. बुडाला एक केसाएवढी चीर गेली. तिनं त्यावर राख चोळली आणि मडकं बंकटच्या हातात दिलं.

वस्तीत ती त्याच्या मागोमाग गेली. तोंडात पदर कोंबून बसलेल्या सत्यभामेनं मडक्याकडे पाहिलं.

"हे रामहरीकाकांनी केलं न्हाई," ती म्हणाली.

"न्हाई."

पुलापर्यंत जाण्याआधीच चीर वाढली. निखारे सांडू नयेत म्हणून बंकटनं शिंकं सोडलं आणि मडकं दोन्ही तळव्यांत धरलं. नदीत पोचेपर्यंत त्यानं ते खाली ठेवलं नाही. नंतर त्याच्या तळव्यांवर टाकायला पाणी नव्हतं.

दिवस कलताना रामहरी एस.टी.नं परतला. तोंड सुकलेलं, जेवलाही नव्हता.

"घेतलं पंचांनी परत जातीत," तो म्हणाला. "शबूद देऊन आलो. चाकावर बाई बसनार न्हाई. उद्या दुपारी गाडी येनार हाय, चाक तलवाड्याला न्यायला. तिथंच काम करीन म्हनलं."

तो छपरात गेला. ओलं चाक, कुडाला चिकटलेली माती, खाली पडलेलं पोट बसलेलं मडकं त्यानं पाहिलं. छबुबाई दारात उभी राहिली, मार पडला तर पडू दे म्हणून.

"कोन गेलं?" त्यानं विचारलं.

"आसाराम."

रामहरीनं चाकावरच्या मातीच्या वळ्यावरून अंगठा फिरवला. "गोळा मधोमध बसला न्हाई."

"कोन सांगनार व्हतं मला?"

छबुबाई आत गेली. तांब्यात तिच्या वाटणीचं प्यायचं पाणी होतं. ते आणून तिनं पडलेल्या मातीवर ओतलं आणि माती तुडवायला घेतली.

"शबूद दिलाय म्या," रामहरी म्हणाला.

"गाडी उद्या हाय."

तो उठून बाहेर जाईल असं तिला वाटलं. तो गेला नाही. कुडाकडे तोंड करून, तिच्याकडे पाठ फिरवून बसला. तिनं काठी लावली. चाक घरघरलं.

"हळू," तो कुडाकडे बघतच म्हणाला.

गोळा डगमगला, तिच्या हातात एका बाजूला झुकला. तिनं अंगठा आत घेतला. माती सावरली नाही, बसली.

"पुन्ना," रामहरी म्हणाला. त्यानं मागं वळून पाहिलं नाही.